पुढच्या टाळ्या

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली. दिवा गेला, डोक्यावरचा छोटा पंखा दोनचार फेऱ्या मारून गप्प झाला. भोसरीत लाइट जाणं काही नवं नाही, आणि खाली वॉचमन गोकुळ खुर्ची टाकून बसलेला असतो, हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. खिशात मोबाइल होता. तरी मी हाक मारली नाही की फोन लावला नाही. हे सगळं नंतर सुचलं. गोकुळनं किल्लीनं दार उघडलं तेव्हा तो माझ्याकडं असा बघत राहिला की मला वाटलं, आपल्याला कुठं लागलंबिगलं की काय. "मच्छिंद्रकाका, आवाज द्यायचा ना," तो म्हणाला. "टाळ्या काय वाजवत बसला? मला वाटलं वर कुणाकडं भजन हाये." मी म्हणालो, छे, टाळ्या कसल्या. पण माझे तळवे लाल झाले होते, बाजाराची पिशवी पायाशी कलंडून केळी बाहेर आली होती, आणि मी एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होतो. दार उघडं होतं, पुढं जिना दिसत होता, उजेड होता, तरी ते झुलणं थांबत नव्हतं.

तीस वर्षं मी कीर्तनात टाळ धरत आलो. कंपनीत होतो तेव्हाही सप्ताह आला की रजा टाकायची, सुपरवायझर काय म्हणायचं ते म्हणो. मला निरूपण निम्मं कळतं, निम्मं नुसतं कानाला गोड लागतं. पण बुवांनी चाल धरली आणि मागचे पंधरावीस टाळकरी एकदम एक पाऊल पुढं सरकले की छातीत काहीतरी सैल होतं, ते मला दुसरीकडं कुठं मिळालेलं नाही. हाती टाळ नसला तर टाळी. ती टाळी प्रेमातून येते असं मी धरून चाललो होतो. लिफ्टमध्ये प्रेम नव्हतं. देवाचं नावही तोंडात नव्हतं, सांगायला लाज वाटते, पण नव्हतं. नुसती भीती होती, आणि भीतीनं माझे हात उचलून एकमेकांवर आपटले होते. घरात जाऊन मी हात धुतले. मंगलनं, माझ्या बायकोनं, विचारलं, एवढं काय चोळताय. तेव्हा आठवलं की हे झुलणं मी आधी पाहिलेलं आहे. तळेघरच्या, आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात, खांबापाशी, सहा वर्षं.

खांबापाशी चिमाजी असायचा. चिमाजी म्हणजे माकड. भीमाशंकरच्या रस्त्याला विजेच्या तारेला लागून त्याची आई मेली, खाली पडली, आणि तिच्या पोटाला हे मूठभर पोर तसंच घट्ट धरून. माझे वडील, रखमाजी, हिरडा गोळा करून येत होते. त्यांनी पोतं तिथंच वाटेला टाकलं आणि पोराला उपरण्यात बांधून आणलं. मारुतीरायानं धाडलंय, एवढंच ते म्हणाले, आणि ते म्हणाले म्हणजे आमच्याकडं पुढं कुणी काही विचारायचं नाही. आईनं, कोंडाबाईनं, त्याला नाचणीची पेज बोटानं चाटवली. जगणार नाही असं सगळे म्हणत होते. पाचव्या दिवशी त्यानं तिचं बोट चावलं तेव्हा ती हसली आणि त्याच्या कमरेला काळा करगोटा बांधला, आपल्या पोरांना बांधतात तसा दोरा, दृष्ट लागू नये म्हणून. माझ्याही कमरेला तिनंच बांधला होता. पोर वाढतं तसा करगोटा सैल करायचा असतो हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण पोर उघडं असतं, दोरा दिसतो. चिमाजीच्या अंगावर केस दाट झाले आणि दोरा केसांत गेला. पुढं तो कातडीतही गेला. कुणी बघितलं नाही. मी सुट्टीला जायचो, त्याला मांडीवर घ्यायचो, तो माझ्या डोक्यात उवा शोधायचा आणि मी हसायचो. कमरेला हात लागला की दात दाखवायचा. आम्ही म्हणायचो, गुदगुल्या होतात त्याला.

टाळी मी शिकवली. तो पहिलाच सप्ताह, पखवाजावर थाप पडली आणि पोर किंचाळत वडिलांच्या धोतरात शिरलं. तीन दिवस तेच. मग मी त्याला पुढ्यात घेऊन बसलो, त्याचे दोन्ही हात माझ्या हातांत धरले आणि ठेक्यावर वाजवले, आणि दर खेपेला आई केळ्याचा तुकडा त्याच्या तोंडात घालत होती. त्याचे तळवे गार होते, ओलसर, आणि लहान मुलाच्या तळव्यापेक्षा लांब. काल्याच्या दिवशी त्यानं हात आपणहून उचलले. सभा थांबली. बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी गळ्यातला हार काढून त्याला घातला, आणि हाराची फुलं त्यानं खाल्ली. पुढं पुढं दर सप्ताहाला लांबलांबून माणसं यायची, आंबेगावातून, जुन्नरकडून. चिमाजी मोठा झाला तसा वडिलांनी करगोट्याला साखळी अडकवली आणि साखळी खांबाला, पळून कुत्र्यांच्या तोंडी जायला नको म्हणून. एका वर्षी बुवांनी मडक्यात हात घालून हरभऱ्याची मूठ न सोडणाऱ्या माकडाचा दृष्टांत सांगितला, चिमाजीकडं बोट करून. सगळे हसले. मीही हसलो. चिमाजी टाळी वाजवत होता आणि झुलत होता, या पायावरून त्या पायावर, आणि आम्ही म्हणत होतो, रंगलाय बघा.

मग भीमाशंकरला जाणाऱ्या कुणीतरी मोबाइलवर त्याचं चित्रण केलं, ते फिरलं, आणि एक दिवस वनखात्याची गाडी आली. माणसं वाईट नव्हती. चिमाजी पिंजऱ्यात जाईना, एकाच्या मनगटाला चावला. साहेब म्हणाला, बंदुकीनं सुई मारावी लागेल. वडील देवळाच्या पायरीवर बसले होते, मान खाली. तेव्हा मी पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला जाऊन उकिडवा बसलो आणि टाळी वाजवली. चिमाजी चालत आत आला. माझ्याकडं बघत, हात वर उचलून. दार खाली पडलं तरी तो दोनचार टाळ्या वाजवत होता. त्याला सुई नको म्हणून मी ते केलं, आणि आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. गाडी गेल्यावर आईनं देवापुढं उभं राहून केळं सोडलं. काशीला जाऊन आवडीचं फळ सोडतात, तिनं तळेघरात सोडलं. चिमाजी त्याच्या रानात, त्याच्या जातीत जाईल तेव्हाच केळं खाईन. या गोष्टीला आठ वर्षं झाली. वडील त्यातल्या दुसऱ्या वर्षी गेले. आईला मी भोसरीला आणलं. ती आता ब्याऐंशीची आहे, दात नाहीत, भात आणि केळं एवढंच तिला सोसलं असतं, त्यातलं केळं ती खात नाही. डॉक्टरांनी सांगून झालं. मंगलनं शिकरणात लपवून दिलं तर वासावरून ओळखून वाटी बाजूला सारली, रागावली मात्र नाही.

लिफ्टनंतर मी त्याचा शोध घेतला. चिमाजी जुन्नरच्या बाजूला, सोडवून आणलेल्या माकडांच्या केंद्रात होता. तिथं कुणाला बघायला सोडत नाहीत. पण मी फोनवर सांगितलं की मी त्याला वाढवलेल्यांपैकी आहे, तेव्हा तिथल्या डॉक्टर श्रेया म्हणाल्या, या, आम्हाला त्याचा मागचा इतिहास हवाच आहे. आणि त्या सहज बोलून गेल्या की तो पुढच्या सोमवारी रानात सोडायच्या गटात आहे. मी फोन ठेवला आणि बराच वेळ बाल्कनीत उभा राहिलो. आईला सांगितलं. तिनं दोनच गोष्टी सांगितल्या. तुला वळखतोय का ते बघ. आणि खरंच सोडत्यात का ते इचारून ये. तिच्या मनात या दोन गोष्टींत काही वैर नव्हतं. माझ्याही नव्हतं.

एसटीनं नारायणगाव, तिथून जुन्नर. स्टँडवर मला न्यायला केंद्रातले राखणदार गेणभाऊ मोटरसायकल घेऊन आले होते, येडगावचे, पन्नाशीचे, डोक्याला मफलर. वाटेत त्यांनी मागं मान वळवून सांगितलं की आज्याची शंभर मेंढरं व्हती, बापाची चाळीस, आणि आपण माकडं राखतो. "बढती झाली म्हणायची," ते म्हणाले. "मेंढरू निदान मारताना तोंडाकडं बघत न्हाई." मी चिमाजीबद्दल विचारलं. म्हणाले, तुमच्या सतरा नंबराचं नाव चिमाजी व्हय? लई शाना झालाय आता. मला त्यांच्या पाठीमागं बसल्या बसल्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते वाऱ्यानंही आलं असेल.

डॉक्टर श्रेया तिशीच्या असतील. पत्र्याच्या खोलीत त्यांनी मला चहा दिला आणि विचारत गेल्या. किती महिन्यांचा होता, काय खायचा, कुणी मारायचं का. मारायचं कुणी नाही, मी म्हणालो, आमच्याकडं कोण मारेल त्याला. त्यांनी मान हलवली. मग कमरेचं विचारलं. तो आला तेव्हा दोरा मांसात बोटभर रुतला होता, दोनदा कापावं लागलं, आधी वाटलं कुणी मुद्दाम तार आवळली. मी करगोटा म्हणजे काय ते सांगितलं. का बांधतात ते सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि त्यांनी काही लिहिलं नाही. टाळीचंही सांगितलं, केळ्याच्या तुकड्याचं, पखवाजाचं. त्या म्हणाल्या, "काका, तो घाबरला की टाळी वाजवतो. आम्हाला कळायलाच दोन वर्षं गेली. आम्हाला वाटायचं भूक लागली." मी म्हणालो, मला माहिती आहे. त्यांना वाटलं मी नुसता हुंकार भरतोय.

मग त्यांनी सांगितलं की सहा वर्षं तो एकटा भिंतीकडं तोंड करून बसायचा. दुसरी माकडं त्याला घेईनात, कारण माकडासारखं बोलणं त्याला येत नव्हतं, तो त्यांच्यापुढं हात जोडायचा आणि मार खायचा. शेवटी एका माजावरच्या लंगड्या मादीनं त्याला जवळ येऊ दिलं. तिच्यामुळं गटानं. आज बेचाळीस दिवस झाले, त्यानं टाळी वाजवलेली नाही. माणूस दिसला तरी वर फांदीवर जातो. खाणं आम्ही पाइपातून आत सरकवतो, हाताचा वासही लागू देत नाही. माणसापुढं हात पसरणारं माकड रानात सोडलं तर ते पहिल्या दिवशी रस्त्यावर येतं, गाडीखाली जातं, नाहीतर कुणीतरी पुन्हा साखळी बांधतं. म्हणून एकच अट. तुम्ही हिरव्या जाळीमागून बघा, बोलायचं नाही, हलायचं नाही, त्याला कळता कामा नये. खरं तर तुम्हाला नेऊच नये, त्या म्हणाल्या, पण तुम्ही आलात लांबून. त्यांचा आवाज मऊ झाला होता. मंगळवेढ्याला त्यांचे आजोबा वीणेकरी होते म्हणे. त्या आजोबांमुळं मला आत नेलं, असं मला आता वाटतं, आणि मग वाटतं की आपण माणसं एकमेकांवर जी दया करतो ती कुणाच्या ताटातून काढलेली असते ते बघत नाही.

जाळीमागं अंधारी बोळ होती, उभं राहण्यापुरती, लिफ्टएवढी. डोळ्यांसमोर चिरा पाडलेल्या. एका बाजूला श्रेयाबाई, दुसऱ्या बाजूला गेणभाऊ. पलीकडं मोठं कुंपण, वरूनही जाळी, आत उंबर आणि वाळक्या फांद्या, आणि सात माकडं. मला चिमाजी ओळखू येईना. आठ वर्षं मी मनात एक तोंड जपलं होतं आणि ते तोंड तिथं नव्हतंच. गेणभाऊंनी बोट केलं. वरच्या फांदीवर एक थोराड नर पाठमोरा बसला होता, खांदे भरलेले, आणि कमरेभोवती केस नसलेलं एक पांढुरकं कडं, करगोट्याच्या जागी. लंगडी मादी त्याला विंचरत होती. तिची बोटं पाठीवरून खाली सरकत त्या कड्यापर्यंत आली, कड्यावरून फिरली, एक खपली काढून तिनं तोंडात टाकली, आणि त्यानं दात दाखवले नाहीत. त्याचे डोळे मिटलेले होते. कीर्तनात शेवटच्या गजरानंतर सगळं थांबतं, वीणा खाली ठेवायच्या आधी एक क्षण असा जातो की कुणाला कुणाकडून काही नको असतं. तसं होतं ते. मी मनात म्हटलं, देवा, झालं. आईला जाऊन सांगतो. आता मला इथून जाऊ दे. मी खरोखर वळणार होतो.

पत्र्याचं दार वाऱ्यानं आदळलं. आत गोंधळ उडाला, आणि गटातला म्होरक्या, मोठ्या सुळ्यांचा नर, झेप घेऊन सरळ आमच्या जाळीवर आला. माझ्या तोंडापासून वीतभर. जबडा, लाल हिरड्या, आंबूस वास, आणि सगळी जाळी त्याच्या हातांत गदगदा हलत होती. मागं भिंत, दोन्हीकडं माणसं, अंधार. मला वाटतं मी श्वास घेतला नाही. पुढचं मला आवाजावरून कळलं. ठेका चालू होता. संथ, आमच्याकडचा, दोन टाळ्या आणि मध्ये एकीची रिकामी जागा. म्होरक्या जाळी सोडून गेला. आणि त्या रिकाम्या झालेल्या चिरेतून मी बघितलं की वरच्या फांदीवर चिमाजीनं डोळे उघडले आहेत.

तो उतरला. घाईनं नाही. मादीनं त्याच्या मागं हात केला, तो त्याला दिसलाच नाही. जमिनीवरून चालत आला, बाकीची माकडं बाजूला सरली, आणि जाळीपुढं पाय पसरून बसला, देवळात बसायचा तसा. मला तो बघू शकत नव्हता. त्यानं मान एकीकडं झुकवली. आता त्याचं तोंड तेच होतं. मग त्यानं हात उचलले आणि माझ्या ठेक्यात टाळी घातली, बरोबर समेवर, आणि झुलायला लागला.

पहिल्या टाळ्या माझ्या नव्हत्या. त्या लिफ्टमधल्या होत्या, पिंजऱ्यामागच्या होत्या, कुठल्यातरी भीतीच्या होत्या, आणि त्यांची जबाबदारी कुणी माझ्यावर टाकणार नाही. पण तो समोर येऊन बसल्यावर, त्यानं हात उचलल्यावर, मला सगळं कळत होतं. बेचाळीस दिवस कळत होते, सोमवार कळत होता, आई कळत होती. तेव्हाही मी आणखी वाजवल्या. चार असतील, सहा असतील. पुढच्या टाळ्या माझ्या होत्या. त्यानं ठेका उचलला आणि आपण मध्येच सोडला तर त्याला काय वाटेल, असं काहीतरी माझ्या मनात होतं. आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला. इतका आनंद मला वडील गेल्यापासून झालेला नाही. त्यानं ओळखलं मला. छाती सैल झाली. श्रेयाबाईंनी माझं मनगट धरलं तेव्हा मी हसत होतो.

आम्ही बोळीतून बाहेर आलो तरी तो थांबला नाही. श्रेयाबाईंनी दुसऱ्या फटीतून बघितलं आणि मलाही बघू दिलं, शिक्षा म्हणून नसावं. लंगडी मादी त्याच्याजवळ आली होती. ती जाळीच्या आड येत होती, म्हणून त्यानं तिला कोपरानं बाजूला ढकललं. ती पुन्हा आली. त्यानं पुन्हा ढकललं. मग ती गेली, आणि तो टाळी वाजवून एकदा जाळीकडं बघायचा, एकदा आपल्या रिकाम्या हाताकडं. केळ्याचा तुकडा यायला हवा होता. मी विचारलं, आता काय. श्रेयाबाई म्हणाल्या, सोमवारी सहा जातील. मी विचारलं, मग हा पुढच्या गटात? त्यांनी फटीवरची जाळी नीट सरकवली. "काका, तो चौदा वर्षांचा आहे," त्या म्हणाल्या. "त्याला परत कोण जवळ घेणार?" त्या मला एक शब्दही वाईट बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. गेणभाऊ आतल्या लहान पिंजऱ्याचं दार साफ करायला गेले.

परत सोडायला गेणभाऊच आले. जुन्नरच्या बाजारपेठेत गर्दीतून गाडी काढताना त्यांनी एकदा हॉर्न वाजवला, तेवढाच आवाज. स्टँडवर उतरलो. ते जायला वळले आणि थांबले. "पावणं," ते म्हणाले, "मेंढराच्या कानाला आमी खूण करायचो, लहान असतानाच, हरवू नये म्हणून. मायेनंच करायचो. ती खूण जात न्हाई." मग म्हणाले, तुमच्या एकट्याचं न्हाई हे. आणि गाडीला किक मारली. मला वाटतं त्यांना दिलासा द्यायचा होता.

एसटी सुटेपर्यंत मी खिडकीपाशी हात मांड्यांखाली घेऊन बसलो. फोन वाजला. मंगलचा असेल म्हणून उचलला तर आई होती, मंगलच्या मोबाइलवर, तिला फोन कानाला नीट धरता येत नाही, आवाज लांबून यायचा. तिनं विचारलं, दिसला का. मी म्हणालो, दिसला. थोराड झालाय. कमरेचं बरं झालं. ती म्हणाली, बरं झालं का, बरं झालं का, दोनदा. मग विचारलं, वळखलं का रं तुला?

"ओळखलं," मी म्हणालो. "टाळी वाजवली."

  ती मंगलला सांगताना ऐकू आली, वाजीवली म्हनं, मच्छिंद्राला बघून वाजीवली, आणि तिचा आवाज असा झाला होता की मी तो लहानपणी, काल्याच्या लाह्या ओटीत घेऊन ती घरी यायची तेव्हाचा ओळखतो. ती पुन्हा फोनवर आली. दम लागला होता.

"मंग सोमवारी सोडत्यात ना त्याला?"

कंडक्टर तिकिटं फाडत माझ्यापर्यंत आला होता. मी त्याला थांबा म्हणून हात केला. तो थांबला.

"सोडतायत," मी म्हणालो.

"मंग मी आता केळं खाऊ का रं?" आईनं विचारलं.

"खा, आई," मी म्हणालो. "खा."